बाग माजली, पण लाग कुठे आहे?
वाचकांचे प्रश्न : भाजीपाला

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी एक एकर संकरित टोमॅटोची बाग आहे. लागवड जुलैच्या पहिल्या आठवड्यात मल्चिंग आणि ठिबकवर केली. लागवडीपूर्वी सुमारे 4 टन कोंबडी खत व 10:26:26 या मिश्रखताच्या (आकडे अनुक्रमे नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) 3 गोण्या घातल्या. त्यानंतर 15 व्या आणि 28 व्या दिवशी युरियाची एकेक गोणी ठिबकमधून सोडली. आज 42 वा दिवस आहे. झाडे कमरेच्या वर गेली, पाला काळपट हिरवा आहे, पण पहिल्या दोन झुपक्यांतील फुले गळाली. शेजारी म्हणतात, आणखी एक गोणी द्या. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. शेतकरी ज्याला ‘बाग माजली’ म्हणतात, तीच अवस्था आपण वर्णन केली आहे. शेंड्यापासून वीतभर खाली खोड हातात धरून पाहावे. ते करंगळीएवढे असेल तर ठीक, पण अंगठ्याएवढे जाड झाले असेल आणि शेंड्याची पाने खालच्या बाजूस वळून ठिसूळ लागत असतील, तर नत्र गरजेपेक्षा जास्त झाले हे निश्चित समजावे. अशा वेळी पानांत तयार होणारी साखर नवा शेंडा आणि बगलफूट (पानाच्या बगलेतून येणारे फुटवे) ओढून नेतात, फुलांच्या वाट्याला ती पुरेशी येत नाही, आणि त्यात पावसाळी ढगाळ हवेमुळे ऊन कमी पडले की फुलगळ आणखी वाढते.

आता हिशेब पाहू. संकरित टोमॅटोसाठी हेक्टरी 300 किलो नत्राची शिफारस आपल्याकडे प्रचलित आहे, म्हणजे एकरी 120 किलो. युरियाची गोणी 45 किलोची आणि त्यात नत्र 46 टक्के, म्हणून दोन गोण्यांतून सुमारे 41 किलो गेले. 10:26:26 च्या 50 किलोच्या तीन गोण्यांतून 10 टक्क्यांप्रमाणे 15 किलो गेले. इथवर 56 किलो होतात, आणि बहुतेक जण इथेच थांबून ‘अजून निम्मेही दिले नाही’ असे म्हणतात. कोंबडी खताला मात्र कोणी हिशेबात धरत नाही, जणू ते खत नसून मातीच आहे! त्यात साधारण 2 ते 3 टक्के नत्र असते. 4 टनांत ते किमान 80 किलो भरते, आणि त्यातले निम्मे जरी याच हंगामात सुटले, तरी आणखी 40 किलो धरावे लागतील. म्हणजे 96 किलोंच्या आसपास नत्र आपण महिन्याभरातच जमिनीत घालून बसलात. टोमॅटोची भूक मात्र पहिला महिना अगदी थोडी असते. ती खरी वाढते फळधारणेनंतर, जेव्हा झुपक्यामागून झुपका एकाच वेळी पोसावा लागतो. एक टन फळांसाठी पिकाला ढोबळमानाने अडीच ते तीन किलो नत्र लागते, आणि त्याचा मोठा वाटा या काळात उचलला जातो. आपल्या बागेत एकूण मात्रा चुकलेली नाही, वेळ चुकली आहे.

पुढचे आठ-दहा दिवस नत्र पूर्ण बंद ठेवावे. 13:0:45 हे निव्वळ पालाश समजून अनेक जण सोडतात, पण त्यातही 13 टक्के नत्र असते, म्हणून सध्या तेही नको. त्याऐवजी नत्र नसलेले 0:52:34 द्यावे. पाणी एकदम तोडू नये, वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) टिकेल इतपत कमी करावे आणि पहिल्या झुपक्याखालची बगलफूट काढून टाकावी. नव्या झुपक्यात फळे हरभऱ्याएवढी दिसू लागली की उरलेले नत्र आठवड्याला सुमारे 5 किलो युरिया याप्रमाणे ठिबकमधून सोडावे. फळांचा भार वाढल्यावर खालची जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी पडू लागली, तर ही मात्रा वाढवावी. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून पिवळेपणा नेहमी खालून सुरू होतो. उपासमारही करू नये, कारण भुकेल्या झाडावर ‘लवकर येणारा करपा’ हा बुरशीजन्य रोग अधिक फोफावतो.

प्रश्न : टोमॅटोच्या फळाच्या खालच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग आहे का? (संगमनेर)

उत्तर : नाही, ही फळाला कॅल्शियम न पोहोचल्याची खूण आहे. बुरशीनाशकाचा खर्च वाया जाईल. आपल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम सहसा कमी नसते. ते पाण्याबरोबर वर चढते आणि जिथून बाष्पीभवन जास्त तिकडे, म्हणजे पानांकडे, जाते. युरियाने पाला वाढवला की फळांचा वाटा आणखी घटतो. शिवाय अमोनियम स्वरूपातील नत्र मुळांपाशी कॅल्शियमच्या शोषणाला अडथळा करते. त्यामुळे फळे सुपारीएवढी असताना अमोनियमयुक्त खते आवरावीत, नत्राची गरज कॅल्शियम नायट्रेटमधून भागवावी आणि चार दिवस ताण, मग एकदम भरपूर पाणी असे करू नये. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर एकाच टाकीत कालवू नये, कारण पांढरा साका धरून ठिबकची छिद्रे बुजतात.