हेन्सची पुस्तकं आधी गॅरेजमध्ये तयार व्हायची

गाडी दुरुस्तीची पुस्तकं काढून हेन्स ही ब्रिटिश प्रकाशन संस्था एवढी मोठी कशी झाली, असं तुम्ही विचारलंय. मला याचं श्रेय त्यांच्या पुस्तक तयार करण्याच्या पद्धतीला द्यावंसं वाटतं.

जॉन हेन्स यांनी शाळेत असतानाच ऑस्टिन ७ या जुन्या छोट्या गाडीची स्पोर्ट्‌स कार बनवली. त्यासाठी शाळेने त्यांना रग्बीतून सूट दिली होती! ती कशी बनवायची हे सांगणारी पुस्तिका त्यांनी १९५६ मध्ये स्वतःच काढली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे ते ब्रिटिश हवाई दलात गेले आणि नोकरीत असतानाच १९६० मध्ये कंपनी स्थापन केली.

खरं वळण मिळालं ते येमेनमधल्या एडनमध्ये. १९६५ च्या सुमारास हेन्सची तिथे बदली झालेली असताना एका सहकाऱ्याने ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्‌स कार घेतली आणि तिचं इंजिन दुरुस्त करायला हेन्सना हाताशी घेतलं. कारखान्याचं मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, उघडलं, तर ते साध्या गाडीमालकाच्या उपयोगाचं नव्हतं. मग हेन्सनी कॅमेरा घेतला आणि इंजिन खोलताना, पुन्हा जोडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. त्यातून १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल आलं. ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या.

पुढची मॅन्युअलंही याच रीतीने झाली: खरी गाडी आणायची, ती खोलायची, जोडायची आणि मग लिहायचं. कुठला बोल्ट हाताला लागत नाही, हे लिहिणाऱ्याने स्वतः भोगलेलं असायचं. काम किती अवघड, हे एक ते पाच पान्यांच्या चिन्हांनी कळायचं. त्यामुळे नवख्यालाही कुठे थांबावं हे समजायचं. ही काळजी मला फार मोलाची वाटते. ‘जोडणी उलट क्रमाने करा’ या त्यांच्या ठरलेल्या वाक्याने मात्र अनेकांचा घाम काढला आहे, कारण गंजलेले भाग उलट क्रमानेही सहज बसत नाहीत.

बाकीचा इतिहास थोडक्यात: इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं स्पार्कफर्ड हे मुख्यालय, १९७९ मध्ये लंडन शेअर बाजारात नोंदणी, १९८५ मध्ये मोटार संग्रहालय. चिल्टन आणि क्लायमर ही अमेरिकेतली जुनी मॅन्युअलंही हेन्सकडे आली. एकूण खप २० कोटींच्या पुढे गेला.

जॉन हेन्स २०१९ मध्ये वारले. २०२० मध्ये इन्फोप्रो डिजिटल या फ्रेंच समूहाने कंपनी घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी, नव्या मॉडेल्सची छापील मॅन्युअलं काढणार नाही, जुनी मात्र छापत राहू, असं कंपनीने जाहीर केलं.