काळ्या वावरातली जीप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात एका सरकारी खात्याच्या लिलावातली महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, विकायला आहे. मालक म्हणतो, "डोळे झाकून घ्या, फोर व्हील चालू शे." शेतात फिरवायला आणि अधूनमधून तोरणमाळला जायला हवी आहे. काय काय बघू?
— एक वाचक, शहादा

उत्तर : दादा, डोळे झाका म्हणणाऱ्याकडे जाताना चष्मा पुसून जा. धुळ्यात आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडील मिस्त्री, सगळी हयात जीपगाड्यांखाली गेलेली. कोणी जुनी गाडी दाखवायला आणली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "पहिले कागद दखाड, मंग बोनट उघाड." तुम्हालाही तोच क्रम सांगते.

गाडी खात्याची होती, तर ती खाजगी नावावर कधी चढली हे आधी विचारा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही, ती भंगारात काढावी लागते. लिलाव त्याच्या कितीतरी आधी झाला असेल, आरसी बुकात नाव बदललेलं असेल आणि नोंदणीची मुदत शिल्लक असेल, तरच पुढचं बोला. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांची वाढ मिळते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. "कागद मागाहून करून देतो" हे वाक्य कानावर आलं की चहा घ्या आणि घरी या.

मग फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर. रॉकेलच्या फडक्याने पुसून स्वतः वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आकड्यांच्या आजूबाजूला वेल्डिंगचा माग किंवा ग्राइंडर फिरल्याची चमक दिसली तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या जीपला नवी कोरी बॉडी, रुंद टायर, चकचकीत रंग चढवण्याचा मोठा धंदा आहे. कारागीर तिथले हुशारच, पण वरची गाडी एक आणि कागद दुसऱ्याच गाडीचा, असाही माल बाजारात फिरतो.

आता गाडी. एमएम ५४०मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. त्याआधीच्या सीजे ५०० डी जीपला इंटरनॅशनल कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन होतं. तो ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या घरचा, त्यामुळे त्या जीपचं इंजिन खेड्यातला कुठलाही फिटर उघडायचा. प्यूजोचं इंजिन त्या मानाने आवाजाला मऊ, पण सकाळी इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगशिवाय उठायला कुरकुरतं. म्हणून मालकाला आदल्या रात्रीच बजावा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर पहिले बोनटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आधीच तिला उठवून बसवलंय. गार असेल तर हीटर देऊन स्टार्टर मारा. चालू झाली की ऑइल भरायचं झाकण काढून पाहा. तिथून चुलीसारखा धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा-लायनरचा खर्च धरूनच किंमत बोला.

फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, "चालू" आहे म्हणजे काय, हेही पाहून घ्या. गाडीखाली वाका. पुढच्या एक्सलला (चाकांच्या आसाला) मधोमध डिफ्रन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा आहे का? असेल तर गिअरबॉक्सकडून त्याच्यापर्यंत शाफ्ट आलेला आहे का? डिझेल वाचवायला म्हणून पुढचा शाफ्ट काढून ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ. काढलेला शाफ्ट कोपऱ्यात पडून राहतो आणि एक दिवस भंगारवाल्याबरोबर जातो. वर लिव्हर मात्र दिमाखात उभीच! शाफ्ट जागेवर असेल तर मोकळ्या मातीत गाडी नेऊन फोर व्हील लो (वेग कमी, ओढ जास्त) टाका आणि स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवा. पुढची चाकं ओढताना, माती उकरताना दिसली पाहिजेत. त्याच फेरीत दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर सोडून पाहा, गिअर आपोआप बाहेर फेकला जातो का ते कळेल. डिफ्रन्शियलमधून सनईसारखा सूर येत असेल तर आतले क्राउन-पिनियन गिअर गेलेत.

मागच्या कमान पाट्यांचे हँगर फ्रेमला जिथे बसतात तिथे पेचकसाने टोचा. खात्याच्या गाड्या बरीच वर्षं आवारात पावसात उभ्या असतात आणि फ्रेम तिथूनच कुजते. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. कुजलेल्या फ्रेमवर मात्र पैसा घालू नका. आणि तोरणमाळला आता गाडीरस्ता आहे, तिथे जायला फोर व्हीलची सक्ती नाही. ती शेतासाठी घ्या.

प्रश्न : आजोबा सांगतात, आमच्या वाड्यातली जीप दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन आहे. काच अखंड आहे, बोनट बरंच उंच आहे, जाळीला सात उभ्या फटी आहेत. मित्र हसतात. खरं काय?
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : मित्रांना हसू दे, आजोबांनाही दुखवू नकोस. वंशावळ तिकडचीच आहे, गाडी मात्र मुंबईची.

अमेरिकेच्या सैन्याने १९४० साली हलक्या टेहळणी गाडीसाठी कंपन्यांना हाक दिली. पहिला नमुना बॅण्टम या लहानशा कंपनीने करून दाखवला. पण सैन्याला हजारोंनी गाड्या हव्या होत्या आणि बॅण्टमचा कारखाना तेवढा मोठा नव्हता, म्हणून मोठी कामं विलीज आणि फोर्डला मिळाली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. त्या लढाईतल्या गाडीची ओळख सोपी आहे : पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, समोरची काच दोन भागांत, बोनट बसकं, मागे उघडणारा फाळका नाही आणि स्टेपनी पाठीवर. तू लिहिलंस त्यातलं काहीच तिला लागू होत नाही.

तुमची आहे ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली आली. नव्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बोनटखाली ते मावेना. विलीजने मग बोनटच वर उचललं. दिसायला गाडी जरा हनुवटी वर करून चालल्यासारखी झाली, तिकडे १९६८ साली ती बंदही पडली. आपल्याकडे मात्र हाच उंच बोनटवाला चेहरा जीप म्हणून रुजला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिला.

महिंद्राची गोष्टही तुझ्या आजोबांना आवडेल. १९४५ साली कंपनी निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद, आणि धंदा पोलादाचा. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायचं काम १९४७ सालीच सुरू झालं होतं. हल्लीची थार जवळ नाशकातच बनते. पहिली २०१० साली आली, आताच्या रूपातली २०२० साली.

वाड्यातल्या जीपची डॅशबोर्डवरची पितळी-पत्र्याची पाटी शाबूत असेल तर रंगाच्या हौसेत ती घासू देऊ नकोस. गाडीचा नंबर तिच्यावरूनही कळतो.

प्रश्न : ड्रायव्हर कोंडाईबारीचा घाट उतरताना फोर व्हील टाकतो. म्हणतो, पकड बसते. बरोबर आहे का?
— एक व्यापारी, साक्री

उत्तर : कोरड्या डांबरावर अजिबात नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांना सारख्याच वेगाने फिरायचं असतं आणि रस्ता फिरू देत नाही. मातीत चाक जरासं घसरून हा हिशोब मिटवतं, डांबरावर घसरायला जागाच नसते. मग ताण गिअरमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकून बसते. तशी अडकली तर ओढाओढ करू नका, गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, सुटते. तुमची गाडी जुन्या पद्धतीची, म्हणजे लिव्हरने फोर व्हील पडणारी, असं धरून हे लिहिलंय.

घाट उतरायला लहान गिअर आणि थंड ब्रेक पुरतात. धडगाव-मोलगीच्या रस्त्यावर टपापर्यंत माणसं भरून ज्या काळ्या-पिवळ्या कमांडर नि मार्शल या महिंद्राच्या गाड्या धावायच्या, त्यातल्या बहुतेक निव्वळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. त्या उतारांवर गाडी सांभाळायचा तो ड्रायव्हरचा पाय. सरकारी साहेबाच्या जीपला चारही चाकांची ताकद होती, पण ती पाऊस पडला की तालुक्यालाच थांबायची, हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडून इतकं ऐकलंय की खोटं मानायला मन होत नाही.

प्रश्न : मुलाने नवी थार घेतली. आता पुढे लोखंडी गार्ड, मोठे टायर आणि गाडी उचलायची किट लावायचं म्हणतो. पोलीस पकडतील का?
— एक आई, धुळे

उत्तर : ताई, पकडू शकतात. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने २०१७च्या डिसेंबरातच बंदी आणली. धडकेत तो गार्ड धक्का थेट फ्रेमवर नेतो, एअरबॅगच्या गणितात घोळ करतो आणि पायी चालणाऱ्याची हाडं मोडतो. बाकीचं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं : कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमावाले पहिला फोटो टायरचा काढतात. मुलाला म्हणावं, हौस सीट कव्हरवर भागव.

प्रश्न : केळीच्या बागेत जायला फोर बाय फोर घेतली. खरिपात काळ्या मातीत तरीही रुतली, दोन चाकं फिरत राहिली, दोन गप्प. फसवणूक झाली का?
— एक बागायतदार, रावेर

उत्तर : नाही भाऊ, गाडी जशी बनवली तशीच वागली. फोर व्हीलमध्ये ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटली जाते. पण प्रत्येक एक्सलच्या मधोमध डिफ्रन्शियल असतं आणि त्याचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी, तेच फिरतं. पुढचं एक चाक चिखलात, मागचं एक चिखलात, म्हणजे तुमची फिरणारी दोन चाकं हीच. घट्ट जमिनीवर असलेली दोन बसून गंमत बघतात. यावर इलाज डिफ्रन्शियल लॉकचा, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं जखडून सोबत फिरवायचा. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे ड्रायव्हरने लावायचे लॉक मिळतात. तुमच्या गाडीत मागे तरी आहे का, पुस्तिकेत पाहा.

तरी काळ्या मातीची गोष्ट वेगळी. पाणी पिऊन ती फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. दोन फेऱ्यांत बटणाचं टायर गुळगुळीत होतं. सातपुड्याच्या पायथ्याला मुरमाड जमिनीवर अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या कडक थराला भिडतो. तुमच्याकडच्या खोल काळीत भिडायला खाली काही नसतंच. तिथे टायर रुंद पसरलेला बरा, म्हणून हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरावर येताच परत भरायची. हवेचा लहान पंप गाडीतच ठेवा.

वावरात शिरण्याआधीच लो टाका, रुतल्यावर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी चाल ठेवा, मध्ये थांबू नका. चाक फिरायला लागलं की पाय लगेच काढा, नाहीतर एक्सल मातीवर टेकेल आणि मग जेसीबी नाहीतर ट्रॅक्टर. आलेल्या चाकोरीनेच रिव्हर्स घ्या. चाकाखाली घालायला बांधावरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या उत्तम, पोतीही चालतात. केळीचे खांब किंवा पानं मात्र चुकूनही टाकू नका. हाताशी तीच असतात खरी, पण चिकाने नि पाण्याने चाक आणखी घसरतं. आमच्या दुकानात असे रुतून आलेले पुष्कळ येतात, हबला पानांच्या चिंध्या गुंडाळलेल्या असतात.

बाहेर निघाल्यावर हब आणि ब्रेक ड्रम धुवा. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफ्रन्शियलचं ऑइल थोडं काढून पाहा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. सगळं बदला आणि एक्सलवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं छिद्र) मातीने बुजलाय का तेही बघा. गरम एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते.

प्रश्न : मारुतीची जुनी जिप्सी घ्यावी की नवी जिम्नी? — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : रोज चालवायची असेल तर जिम्नी. जिप्सी १९८५ साली आली तेव्हा ९७० सीसीची होती, पुढे १३०० झाली. वजनाला हलकी, डोंगरात शेळीगत चढते, पण मागे बसणाऱ्याची कंबर पाटे काही सोडत नाहीत. घरात आईवडील बसणार असतील तर त्यांना एकदा मागच्या बाकावर बसवून नवापूरपर्यंत नेऊन आणा, मग ठरवा. जिप्सीचे पार्ट अजून मिळतात, यादी पाठवली तर दर कळवीन.