निवडायचं सर्व्हरवर, वाढायचं फोनवर

तू बार्शीहून लिहितेस, बीसीएसचं शेवटचं वर्ष आहे. बाजारभावाची पानं वडिलांच्या जुन्या फोनवर उघडता उघडत नाहीत, म्हणून तू पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलास. तो सर्व्हरवर पान उतरवून घेतो, भावाचा तक्ता वेचतो आणि फोनच्या ब्राउझरला तेवढाच जेसॉन (यंत्राला वाचता येईल अशी नीट मांडलेली माहिती) पाठवतो. सर म्हणाले, "यात एआय कुठंय?" आणि तुझा प्रश्न : यावर नोकरी मिळते का?

मिळते. फक्त 'पार्सिंग' म्हणजे पानातून हवं ते वेचणं, या नावाची जागा निघत नाही. जाहिरातींत 'बॅकएंड डेव्हलपर' (सर्व्हरकडची बाजू लिहिणारा) आणि 'डेटा इंजिनीअर' शोध. एआयला लागणारा डेटाही आधी कुणीतरी असाच निवडावा लागतो. हे सरांना मात्र ऐकवू नकोस, गुण त्यांच्या हातात आहेत.

कल्पना नवी नाही. २००५-०६ मध्ये आलेल्या ऑपेरा मिनीत पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचं, मांडणी तिथेच व्हायची आणि साध्या जावा फोनवर आवळलेलं रूप यायचं. त्याची किंमतही होती. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालत असल्याने पानातल्या बऱ्याच गोष्टी अडायच्या आणि सांकेतिक रूपात येणारं सुरक्षित पानही मध्येच, ऑपेराच्या सर्व्हरवर उलगडलं जायचं. मध्ये सर्व्हर बसवून काय गमावलं, हे मुलाखतीत विचारतील. उत्तर तयार ठेव.

सोबत पाठवलेला कोड वाचला. भाव तू जसाच्या तसा फोनकडे धाडतेस आणि तिथे जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोट या फंक्शनने त्याचा आकडा करतेस. बाराशे पन्नास रुपये इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम घालून आले, की पार्सफ्लोट स्वल्पविरामाशी थांबतं. कांदा एक रुपया क्विंटल! देवनागरी अंक आले तर आकडाच हाती लागत नाही. पायथनचं तसंच फंक्शन, इंट, देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं, स्वल्पविरामाला मात्र तेही अडतं. तो आधी काढ आणि आकडा सर्व्हरवरच पक्का करून पाठव. नावं बाइट मोजून तोडतेस तेही थांबव : यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'कांदा' पंधरा बाइटचा आहे, दहावर कापलास तर 'द' अर्धवट तुटेल.

पानातच जेसॉन-एलडी, म्हणजे यंत्रासाठी वेगळी मांडून ठेवलेली माहिती, असेल तर तक्ता खरवडत बसू नकोस. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही अशा माहितीसाठीची सामाईक शब्दावली आणली, ती माहिती यंत्राला नीट वाचता यावी म्हणूनच.

वडील म्हणतात तो महागडा कोर्स आत्ता नको. त्याऐवजी एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम, नीट शिक. समोरचा सर्व्हर ईटॅग (पानाच्या त्या आवृत्तीची खूण) देत असेल तर तो जपून ठेव. पुढच्या वेळी तो दाखवलास आणि पान बदललेलं नसेल, तर 'बदल नाही' सांगणारा नुसता ३०४ हा कोड येतो, सगळं पान पुन्हा ओढावं लागत नाही. रिझ्युमेवर 'पार्सिंगचं ज्ञान' असं लिहू नकोस. मूळ पान किती केबीचं, तुझं किती, वडिलांच्या फोनवर किती सेकंदांत उघडलं, एवढं मोजून लिही.

आणि एक राहिलंच. तुझ्या जेसॉनमध्ये बाजार आहे, माल आहे, भाव आहे, तारीख नाही. परवाचा भाव आजचा समजून वडील ट्रॅक्टर भरतील, ते आधी दुरुस्त कर.