आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये ख्याल दहा मिनिटांत कसा बसवायचा?

तुम्ही विचारलंय : विशारद झालंय, पुणे केंद्रावर हिंदुस्थानी गायनाची ऑडिशन द्यायचीय, पण घरी अर्धा-पाऊण तास चालणारा यमन रागाचा ख्याल (बंदिश आलाप-तानांनी फुलवत नेणारा गायनप्रकार) दहा मिनिटांत मांडायचा कसा आणि बहुतेकांचं चुकतं कुठे?

कलाकाराची पातळी ठरवणाऱ्या बी, बी हाय, ए आणि टॉप या ग्रेडची ऑडिशन पद्धत बा. वि. केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री असताना, १९५२ नंतर रुळली. संगीतज्ञ श्री. ना. रातंजनकरांच्या देखरेखीखालच्या या परीक्षेला तेव्हा मुंबईतल्या नावाजलेल्या गवयांनीही विरोध केला होता. पण तिचा एक गुण आजही मला फार मोलाचा वाटतो : परीक्षक फक्त ऐकतात. मैफलीतले हातवारे, समोरच्यांची दाद यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तयारीही कानासाठीच करायची.

आता वेळेचं गणित. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाची एक मात्रा (ठोका) चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होतं. औचार, म्हणजे सुरुवातीची छोटी आलापी, ४० सेकंद, त्यानंतर संथ लयीतला बडा ख्याल सात आवर्तनं, म्हणजे साडेपाच मिनिटांहून थोडं जास्त. उरलेल्या साडेतीन मिनिटांत जलद लयीतला छोटा ख्याल. सोळा मात्रांचा द्रुत त्रिताल मिनिटाला २०० मात्रांचा असला तर चाळीसहून जास्त आवर्तनं मिळतात आणि ती पुष्कळ झाली. मात्रा पाच-सहा सेकंदांपर्यंत नेणाऱ्यांचं आवर्तन मिनिटाच्या पुढे जातं, मग अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) येण्याआधीच वेळ संपते. तबल्याचा ठेका थोड्या चढ्या लयीत मागून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

ती सात आवर्तनं यमनमध्ये अशी वाटता येतील : पहिल्यात स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) नीट, शब्द स्पष्ट. पुढची दोन मंद्र निषादापासून गंधारापर्यंत, षड्ज टाळून जाणारं ‘नि रे ग’ ठसठशीत ऐकू यायलाच हवं. चौथं तीव्र मध्यम आणि पंचमाभोवती, पाचव्यात निषादावर थांबून तार षड्ज, सहावं अंतऱ्याचं, सातव्यात थोड्या बोल-ताना, म्हणजे बंदिशीच्या शब्दांवर घेतलेले जलद स्वरसमूह. बहुतेकांचं इथेच बिघडतं. वेळ कमी आहे म्हणून दुसऱ्याच आवर्तनात ताना सुरू होतात आणि राग उभाच राहत नाही. बी ग्रेडला सूर, लय आणि रागाची शुद्धता आधी पाहिली जाते. चार ताना कमी झाल्या तरी चालतं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, निसटली की मात्र ती चूक रेकॉर्डिंगमध्ये दरवेळी तितकीच ठळक ऐकू येते.

अर्जातल्या रागांच्या यादीवर विचार करा. यादीतला कुठलाही राग मागितला जाऊ शकतो, त्यामुळे शोभेसाठी मारवा, पूरिया आणि सोहनी एकत्र लिहू नका. तिघांचे स्वर तेच आहेत. मारव्यात रिषभ-धैवतावर वजन, पूरियात गंधार-निषादावर, सोहनी तार सप्तकात रमणारी. घाबरल्यावर हे फरक सर्वांत आधी पुसले जातात. भूपात धैवतावर रेंगाळलात तर देशकार डोकावतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चारही वेळांचे, पण एकमेकांपासून लांबचे राग ठेवा.

तंबोऱ्याची पहिली तार यमनला पंचमात, मालकंसला मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरणार असाल तर ही सेटिंग आदल्या दिवशी बघून ठेवा. तुमची पट्टी पांढरी एक की काळी एक, ते तबलजींना आधीच सांगा, म्हणजे तबला जुळवण्यात वेळ जात नाही.

साथीच्या पेटीबद्दल आवर्जून सांगतो. १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला रेडिओवर बंदी होती आणि बंदीमागचा एक आक्षेप सुरांचाच होता. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. यमनमध्ये गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, त्यावर तुम्ही दरवेळी थांबणार. तिथे पेटीला धरून राहिलात तर गंधार तंबोऱ्याशी जुळत नाही आणि परीक्षकाच्या कानाला टोचतो. रियाज महिनाभर तरी नुसत्या तंबोऱ्यावर करा.

माइकपासून दीड वीत अंतर ठेवा. तार सप्तकात मान मागे न टाकता किंचित बाजूला वळवा, मंद्रात पुढे झुकू नका, नाहीतर आवाज कधी फुटतो, कधी घुमतो. बांगड्या काढून ठेवा, वहीची पानं उलटू नका, ‘प’ आणि ‘भ’ थेट माइकवर सोडू नका. आधी मोबाइलवर दहा मिनिटांची रेकॉर्डिंग करा आणि ती गुरूंबरोबर हेडफोन लावून ऐका.

फी, वयाची अट आणि तारखा केंद्राच्या संगीत विभागाकडून लेखी घ्या. सुगम संगीताचीही ऑडिशन द्यायची असेल तर त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तिथे सिनेमातली गाणी घेऊन जाऊ नका.