रोजची टेस्ट लातूरलाच राहिली

प्रश्न : ताई नमस्कार, मी लातूरची. बारावीपर्यंत क्लास, रोजची टेस्ट, रविवारचा पेपर असं सगळं ठरलेलं असायचं, सीईटीलाही चांगला स्कोअर आला. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे, होस्टेलवर राहते. पहिल्या इंटर्नलला मॅथ्समध्ये 30 पैकी 9 पडले. नोट्स दोनदा वाचल्या होत्या, सगळं येतंय असं वाटत होतं आणि पेपर हातात आल्यावर सुरुवातच सुचेना. घरी सांगितलं नाहीये. पुढच्या महिन्यात 70 मार्कांचा पेपर आहे, एटीकेटी लागली तर?

उत्तर : अगं, आधी आज रात्री आईला फोन कर आणि 9 पडले म्हणून सांगून टाक. ते ओझं घेऊन अभ्यासाला बसूच नकोस.

तू कमी अभ्यास केलास असं मला नाही वाटत, तुझी सवय अजून सीईटीची आहे. तिथे मॅथ्सचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, समोर चार पर्याय, उत्तर ओळखलं की झालं. इथे आयगेन व्हॅल्यूचं एक गणित म्हटलं तरी इक्वेशन मांडा, रूट्स काढा, मग प्रत्येक रूटचा व्हेक्टर, पान-दीड पान आपणच भरायचं. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते ना, तिथेच फसायला होतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं होतं, उतारा परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतरच्या टेस्टमध्ये पुढे होती पण आठवड्यानंतर बघितलं तर ज्यांनी उतारा न बघता आठवून लिहिला होता त्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. लातूरची रोजची टेस्ट तुझ्याकडून हेच करून घेत होती. इथे ती घेणारं कोणी नाही, तुलाच घ्यायचीये.

मागचे पेपर लायब्ररीत नाहीतर सिनियर्सकडे मिळतील. ज्या दिवशी लेक्चर त्याच संध्याकाळी, मेसला जायच्या आधी, त्या टॉपिकचं एक गणित वही न उघडता सोडव. अडलं तर बघ, पण मग तेच गणित दोन-तीन दिवसांनी परत कोऱ्या कागदावर. रविवारी फोन रूममेटकडे देऊन घड्याळ लावून अख्खा पेपर लिही, पहिल्या दोन रविवारी पूर्ण होणार नाही, होऊ दे तसंच. आणि जर्नल प्रॅक्टिकलच्या आठवड्यातच लिहून सही घेऊन टाक गं, नाहीतर सबमिशनच्या वेळी रात्री त्यातच जातात आणि मॅथ्स मागे पडतं.

एटीकेटी लागली म्हणजे वर्ष गेलं असं नसतं, राहिलेला विषय परत देता येतो. किती विषयांपर्यंत चालतं ते ऑफिसमध्ये विचारून घे, म्हणजे उगाच भीती राहणार नाही. त्याआधी तो 9 मार्कांचा पेपर घेऊन मॅडमकडे जा आणि कुठल्या स्टेपला मार्क गेले ते त्यांच्यासमोर बसून बघ.