वहिनीच्या पायाचं माप

डॅलसहून एका मुलीचं पत्र आलंय. मुलगी म्हणतेय खरी, पण तिचा स्वतःचा मुलगा आता दहावीत आहे. माहेर कोल्हापूरचं, रंकाळ्याच्या अलीकडे. चार वर्षांनी नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे येतेय. पत्र म्हणजे जवळजवळ यादीच आहे:

"मावशी, आमच्या चार बॅगा आहेत, प्रत्येकी २३ किलो, आणि डोकं चालेनासं झालंय. आई ७४ वर्षांची, तिला काहीही नेलं तरी कपाटात ठेवते. बाबांना पार्किन्सन्स आहे, त्यांना काय उपयोगी पडेल? दादाला घड्याळ दोनदा देऊन झालं. भाची कॉलेजात, भाचा आठवीत. पुण्याला सासूबाई. शाळेतली जिवाची मैत्रीण. घरकामाच्या मावशी. प्रत्येकासाठी विचार करून काहीतरी न्यायचंय, उगाच सेलमधलं उचललेलं नको. वहिनीचा प्रश्न नाही, तिला काहीही चालतं."

पत्र दोनदा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर अडकले. अगं, आईच्या कपाटाचा विचार केलास, दादाच्या दोन घड्याळांचा हिशेब ठेवलास, आणि जी तुझ्या वडिलांना रोज उठवते, बसवते, भरवते, तिच्यासाठी तीन शब्द? तू दुष्ट आहेस असं मी मुळीच म्हणत नाही. आपण सगळ्यांनीच ही ओळ कधी ना कधी म्हटली आहे. मी तर अकरा वर्षं म्हणत होते.

तुला चार प्रश्न विचारते, फोन न करता उत्तरं दे. वहिनीच्या पायाचं माप काय? ती चहात साखर घेते का? तिला वाचायला काय आवडतं, की वाचायला वेळच मिळत नाही? ती शेवटची माहेरी राहायला कधी गेली होती? चारपैकी दोन आली तरी तू माझ्यापेक्षा बरी.

माझं सांगते. १९८७ साली लग्न होऊन मिशिगनला गेले. १९९८ च्या डिसेंबरात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी आले तेव्हा सगळ्यांना चालायचे बूट आणले होते. आईचं माप फोनवर विचारलं, दादाचं ठाऊक होतं, मुलांची मापं कागदावर काढून मागवली होती. वहिनीचे घेतले अंदाजाने. ते निघाले दोन मापं लहान. मी समोर बसलेय म्हटल्यावर तिने ते घातले, "मस्त बसतात की, वन्सं!" म्हणाली, आणि चार दिवस घालून हिंडली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. रोज तिला हाताला धरून रिक्षात बसवायची, दवाखान्यात न्यायची, व्यायाम करून घ्यायची, परत आणायची, येताना भाजी घ्यायची, हे सगळं वहिनी त्या बुटात करत होती. पाचव्या दिवशी आई मला हळूच म्हणाली, "तिची टाच बघ की गं जरा."

दोन्ही टाचा सोलल्या होत्या. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही एवढ्या लांबनं आणलासा, आणि मी नाव ठेवू?"

त्या संध्याकाळी तिला चप्पल लाइनीत घेऊन गेले. कारागिराने कागदावर तिचा पाय ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढली आणि आठ दिवसांनी या म्हणाला. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती तिच्या, आणि खास तिच्या मापाची वस्तू सासरच्या माणसाने करवून घ्यायची ती पहिली वेळ होती. कोल्हापुरीसुद्धा पहिले चार दिवस चावते, हे तुला सांगायला नको. रात्री तेल लावून ठेवायची, मग चामडं पायाचं ऐकतं. झाडाच्या साली आणि हिरड्याने कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा कुठेही नाही. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, त्यामुळे घेताना ती कुठल्या जिल्ह्यात केलेली आहे तेवढं विचारून घे. पण मुद्दा चपलेचा नाही. मी तिच्याबरोबर गेले आणि तिच्या पायाकडे पाहिलं, हा मुद्दा आहे.

आता तुझं. तू लिहितेस, "बाबांचं सगळं वहिनीच बघते, त्यामुळे तशी काळजी नाही." ही काळजी गेली कुठे? ती तिच्याकडे गेली. पार्किन्सन्सच्या गोळ्यांची वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी पुष्कळांचे हातपाय आखडतात. प्रथिनं पोटात असली की ते औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून बरेचदा डॉक्टर जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगतात. म्हणजे बाबांचं जेवण गोळीवर चालतं, आणि घरातल्या बाकी सगळ्यांचं बाबांवर. हा हिशेब दिवसातून तीन-चार वेळा कोणाच्या डोक्यात असतो? गुरुवारी मार्गशीर्षाचा घट मांडून, उपास धरून, तरीही कोणाच्या डोक्यात असतो?

भाऊबीजेला आपण दादाला ओवाळतो आणि ओवाळणी घेतो. ती ताटात पडते त्याआधी बहुतेक घरांत वहिनीच्या हातून पाकिटात गेलेली असते. देवाणघेवाण सगळी भाऊ-बहिणीची, आणि राबणारी तिसरीच. तू परदेशात राहून स्वतःचं आयुष्य उभं केलंस, चांगलं केलंस, मला त्याचा अभिमान आहे. पण ते तुला करता आलं त्याचं एक कारण त्या स्वयंपाकघरात उभं आहे.

तर माझं सांगणं असं: वहिनीला आठ दिवस दे. अख्खे आठ. तिने माहेरी जावं, नाहीतर मैत्रिणींबरोबर कुठे जावं, नाहीतर बहिणीकडे जाऊन नुसतं पडून राहावं. बाबांचं सगळं तू कर.

मी हे २००७ च्या जानेवारीत केलं. आदल्या वर्षी आई न्हाणीघरात पडून खुबा मोडला होता आणि ती अंथरुणाला खिळली होती. वहिनीचं माहेर आजऱ्याचं, दोन-अडीच तासांची वाट, आणि ती वर्षभरात एकदाही राहायला गेली नव्हती. "मी जातो आणि करतो काय तिथं?" म्हणाली. मी बॅग भरून दिली. पहिल्या रात्री कळलं की दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मला पुस्तकी माहिती होती, पण रात्री दोनला उठणं, चारला उठणं, सहाला उठणं माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी रडले. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला, "येऊ का, वन्सं?" जीव हो म्हणत होता, पण मी नको म्हटलं. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली होती, हे तिच्या आईने मला नंतर सांगितलं. नवव्या दिवशी आली ती पाच किलो घनसाळ घेऊन. त्या तांदळाचा वास घरभर होता, आणि चेहरा असा की मी तिला लग्नात पाहिली होती तेव्हाची आठवण झाली.

हे करायचं तर आधी तयारी लागते. पहिलं म्हणजे आईशी बोल. पाहुणी लेक घरात आणि सून माहेरी, हे त्या पिढीला पटत नाही, आणि बोल वहिनीला बसतात. आईला फोनवर सांग की मला बाबांजवळ आठ दिवस एकटीने राहायचंय. ते खोटंही नाही. दुसरं, दादाला सांग की स्वयंपाकात त्याचाही हात लागेल. तिसरं, आल्यावर पहिले तीन दिवस वहिनीच्या मागे मागे फिर. गोळ्या, वेळा, बाबांना खुर्चीतून उठवताना कुठे धरायचं, बोलताना कुठल्या शब्दाला ते अडखळतात, सगळं वहीत लिहून घे. चौथं, त्या आठवड्यात नवरा-मुलाला घेऊन महाबळेश्वर, गोवा काही ठरवू नकोस. मी पुष्कळ जणींना हा सल्ला दिलाय आणि तो बहुतेक वेळा इथेच फसलाय. आणि आठ दिवसांत तिला फोन करून "मिक्सरचं भांडं कुठंय" विचारू नकोस, शोध.

तिच्या मनात दुसरंच काही असेल तर तेही विचार. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. तिला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला जायचं असेल, रात्री पालखी पाहून मुक्काम करायचा असेल, आणि बाबांना सोडून जाता येत नाही म्हणून ती बोलत नसेल.

वस्तू द्यायचीच असेल तर तिकडून सोनं आणू नकोस. गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, तिला घेऊन जा, तिला निवडू दे. गळ्यातला कोल्हापुरी साज पुरा करायचा तर २१ पानं, त्यात विष्णूचे दहा अवतार, अष्टमंगळ, लाल-हिरव्या खड्यांची पानं आणि डोरलं, असं जुने सराफ सांगतात. एवढ्याची ऐपत नसेल तर ठुशी घे. ती सुंदर दिसते आणि रोज घालता येते. पैसे द्यायचे असतील तर तिच्या स्वतःच्या नावच्या खात्यात टाक, दादाच्या नाही. आयकर कायद्यात नवऱ्याची बहीण 'नातेवाईक' धरली जाते, त्यामुळे तू तिला दिलेल्या रकमेवर तिला कर पडत नाही. सगळ्यांदेखत पाकीट देऊन भाषण करू नकोस. गॅसजवळ दोघीच असताना दे.

आता बाकीचे. आईला काही नेऊ नकोस, तिचं कपाट तिच्यासोबत बसून आवर. त्यात तुझ्या जुन्या भेटी सापडतील, त्यातल्या दोन वापरायला काढून दे. बाबांना जड मुठीचा चमचा आणि न घसरणाऱ्या तळाच्या सपाता. वेल्क्रोचा शर्ट चालेल. विजेवर चालणारं काहीही अमेरिकेतून आणताना आधी मागचं लेबल वाच. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. माझा एक मिक्सर पहिल्याच चटणीला जळला. दादाला घड्याळ पुरे, त्याच्याबरोबर रोज सकाळी फिरायला जा. भाचीला लॅपटॉप लागत असेल तर एका प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम्सच्या सवलतीत आणता येतो. तो हातातल्या बॅगेत ठेव, पॉवर बँकही तिथेच, सामानात देऊ नकोस. भाच्याला विचार, आठवीतली मुलं स्पष्ट सांगतात. मैत्रिणीला घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्या, आणि तिचं ऐक. घरकामाच्या मावशींना एका महिन्याचा पगार रोख, कोऱ्या नोटांत. वापरलेले कपडे देऊ नकोस.

सासूबाईंचं नवऱ्याला ठरवू दे. आई त्याची आहे.

एवढं वाचून झालं की वहिनीला फोन कर. आईच्या फोनवर नको, तिच्या. आणि वेळ बघून कर. तू सकाळी नऊला ऑफिसला जाताना करतेस ना? तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, ती भाकऱ्या थापत असते आणि फोन खांद्याला लावून "हो ताई, हो ताई" म्हणते. तिला बसायला मिळतं ते दुपारी साडेतीनला, बाबा झोपले की. आता नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली आहेत, म्हणजे डॅलसला तेव्हा पहाटेचे चार. गजर लाव.