लेन्स हलते, पण नेमकी कुठे?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी ७५०० आणि २००-५०० एमएमची झूम लेन्स आहे. गेल्या महिन्यात १.४ पट टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायचा, लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) सेकंडहँड घेतला. तो मध्ये लावला की लेन्स हातात थोडी डावी-उजवीकडे फिरते, टक्-टक् जाणवतं. भिगवणला नावेतून काढलेले रोहितांचे (फ्लेमिंगो पक्ष्यांचे) फोटो सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसर आले. मित्र म्हणतो, माउंटवर (लेन्स जिथे बसते त्या कडीवर) सेलोटेपची बारीक पट्टी लाव, घट्ट बसेल. लावू का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : सेलोटेप लावू नका. आधी लावला असेल तर आजच काढा आणि त्याचा चिकटा मऊ कापडाने पुसून घ्या.

डावी-उजवीकडे फिरणं आणि वर-खाली डुलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेन्स फिरवून लावली की कॅमेऱ्यातली एक छोटी पिन लेन्सच्या खाचेत बसते आणि ‘खट्’ वाजतं. पिन सहज आत जावी म्हणून खाच तिच्यापेक्षा किंचित मोठी ठेवलेली असते, आणि तेवढीच लेन्स फिरते. कन्व्हर्टर मध्ये आला की एकाऐवजी दोन सांधे होतात, म्हणून ते जास्त जाणवतं. अशा फिरण्याने लेन्स सेन्सरपासून लांब जात नाही, फोटोही बिघडत नाही. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या ‘लेन्स लूज आहे’ या तक्रारींत निम्म्याहून जास्त अशाच असतात, आणि मी त्या माणसाला पैसे न घेता परत पाठवते.

डुलणं मात्र गंभीर. कॅमेऱ्याच्या माउंटच्या कडीमागे पातळ पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या स्प्रिंगा लेन्सचे तीन कान (तिच्या कडीचे बाहेर आलेले तुकडे) ओढून लेन्स कडीवर घट्ट धरतात. निकॉनच्या या माउंटमध्ये कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. १९५९ पासून तेच. माझ्या बाबांनी मुंबईच्या बोरा बाजारातून आणलेली जुनी लेन्सही त्याच मापावर बसते. स्प्रिंग वाकली, कान झिजले किंवा लेन्सच्या कडीचे स्क्रू सुटले, की लेन्स खाली झुकते आणि हे अंतर वर एक, खाली दुसरं होतं. ऑटोफोकस अंतर सांभाळून घेतो, पण तिरकेपणा त्याला सांभाळता येत नाही. सेलोटेप लावून नेमका तोच तिरकेपणा तुम्ही स्वतः आणून बसवता!

तपासणी घरी होते. लेन्सचा पाय (ट्रायपॉडवर बसवायचा खालचा दांडा) टेबलावर ठेवा, एका हाताने लेन्स धरा, दुसऱ्या हाताने कॅमेरा हलकेच वर-खाली दाबा. सांध्यात फट उघडते-मिटते का, ते टॉर्च धरून पाहा. मग कन्व्हर्टर काढून लेन्स थेट लावा, पुन्हा दाबा. नंतर नुसता कन्व्हर्टर कॅमेऱ्यावर. दोषी सांधा कोणता ते तीन फेऱ्यांत कळतं. शंका उरलीच तर भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून दोन फोटो काढा, एक सरळ, एक कॅमेरा उलटा धरून. फोटोच्या चौकटीत धूसर कड वरून खाली गेली तर लेन्स वजनाने झुकते आहे. जागेवरच राहिली तर दोष काचांच्या जुळणीत शोधावा लागेल.

आता रोहितांबद्दल. कन्व्हर्टरने तुमची लेन्स ७०० एमएम, एफ/८ झाली (एफचा आकडा मोठा, तितकं प्रकाशाचं छिद्र लहान). एफ/८ला थोडा झुकाव फारसा दिसत नाही. तोच कॅमेरा ३५ एमएम एफ/१.८ लावून वापरलात तर दिसेल. त्यामुळे मला संशय नावेच्या हेलकाव्यांचा आणि उजनीच्या पाण्यावर उन्हं चढल्यावर थरथरणाऱ्या हवेचा आहे. सकाळी लवकर, १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरवर काढून पाहा.

तीन फेऱ्यांत कुठेही फट दिसली तर दुरुस्तीला द्या, पण स्वतः स्क्रू फिरवू नका, एवढं कळकळीने सांगते. निकॉनसारख्या कंपन्यांचे स्क्रू जपानी मापाच्या अधिक-चिन्हासारख्या खाचेचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. मागच्या पावसाळ्यात लग्नांचे फोटो काढणारा एक मुलगा अशी लेन्स घेऊन आला होता. स्क्रू गेले होतेच, शिवाय कडीखालच्या कागदासारख्या पातळ चकत्या त्याने जुळणी पाहताना हरवल्या होत्या. अंतर त्या चकत्याच ठरवतात. लेन्स लांबच्या वस्तूवर कधीच नीट फोकस होईना. चकत्या नव्याने कापून ती जुळवायला मला दोन दिवस लागले, आणि त्याचा सीझन तोंडावर होता.

लेन्स आणि कॅमेऱ्याला विजेने जोडणारे संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर नको, त्याचा चुरा आत पडतो. पडद्यावर आकड्याऐवजी ‘एफ - -’ दिसू लागलं, तर मात्र फिरण्याने संपर्क तुटतोय, आणि मग ते फिरणंही दुरुस्तीचं कारण ठरतं.

आणि हो, २३०० ग्रॅमची लेन्स कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लोंबकळत ठेवू नका, त्यानेच स्प्रिंगा वाकतात. पट्टा लेन्सच्या पायाच्या कडीला बांधा. नावेतून उतरताना पाय हातात धरा. दुरुस्तीला याल तेव्हा कॅमेरा, कन्व्हर्टर आणि लेन्स तिन्ही आणा. एकटी लेन्स पाहून कुठला सांधा सैल आहे, ते मला सांगता येत नाही.